मुखपृष्ठ नेमकं कुठे बिघडतं?

कणा : जाडी पानांच्या संख्येवर आणि कागदावर ठरते. आयत्या वेळी पानं वाढली आणि कणा तोच राहिला, की नाव घडीवर सरकतं.

ब्लीड : कापणीसाठी चहूबाजूंनी साधारण ३ मिमी जादा चित्र. नसेल तर कडेला पांढरी रेघ.

चित्र : छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ठिपके). नेटवरून उचललेलं छोटं चित्र फाटतं.

रंग : पडद्यावर आरजीबी (लाल-हिरवा-निळा प्रकाश), छपाईत सीएमवायके (चार शाया). झगझगीत हिरवा कागदावर मळकट उतरतो तो त्यामुळेच.

अक्षरं : सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची सोय चालू नसेल तर जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षरानंतर जाते. तेही शीर्षकात, सर्वांत मोठ्या टायपात!

चित्राविनाही मुखपृष्ठ जमतं : पेंग्विन प्रकाशनाची पुस्तकं, १९३५. नारिंगी पट्टे कादंबरीला, हिरवे रहस्यकथेला.