साबणाच्या वेष्टनाची मागची बाजू

तांदळाचा नमुना तळहातावर घेऊन पारखल्याखेरीज सौदा न करणारा आमचा व्यापारी स्नानाच्या साबणाची पेटी मात्र केवळ जाहिरातीच्या बळावर दुकानात उतरवून घेतो, ही गोष्ट थोडी नवलाची आहे. मागणी कंपनीने निर्माण करावी, किंमत तिनेच छापावी आणि दुकानदाराने फळीवरून वडी काढून द्यावी, एवढाच हा व्यवहार मानला जातो. परंतु “शेटजी, यातला चांगला कोणता?” असे गिऱ्हाईक विचारते, तेव्हा दिले जाणारे उत्तर कंपनीचे नसून दुकानाचे असते. म्हणून वेष्टनाच्या मागच्या बाजूकडे व्यवसायबंधूंचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

तेथे बारीक अक्षरांत टी.एफ.एम. असे लिहून पुढे टक्केवारी दिलेली असते. साबणातील एकूण मेदाचा, म्हणजे तेला-चरबीतून आलेल्या खऱ्या मालाचा, तो आकडा होय. भारतीय मानकाप्रमाणे ‘टॉयलेट सोप’च्या पहिल्या प्रतीत तो किमान ७६, दुसरीत ७० व तिसरीत ६० टक्के असावा लागतो. उरलेल्या भागात पाणी, सुगंध, रंग आणि पुष्कळदा शंखजिऱ्याच्या पुडीसारखी भर असते. ‘बेदिंग बार’ या नावाने विकली जाणारी वडी तर वेगळ्याच मानकात मोडते व तिला ४० टक्केही पुरतात. आता हिशेब पाहा. समजा, पहिल्या प्रतीची १०० ग्रॅमची वडी ३८ रुपयांस व तिसऱ्या प्रतीची ३३ रुपयांस आहे. पहिलीत मेदाचा ग्रॅम पन्नास पैशांस पडतो, दुसरीत पंचावन्न पैशांस. स्वस्त म्हणून दिलेली वडीच महाग ठरली. शिवाय अशी भरीची वडी साबणदाणीत लवकर मऊ पडून विरघळते, ते निराळेच.

कमी आकडा म्हणजे लबाडीच, असे मात्र समजू नये. बेदिंग बारमध्ये साबणाखेरीज इतर कृत्रिम निर्मलके असू शकतात व कोरड्या त्वचेला त्यांतील काही सौम्यही पडतात. ग्लिसरीनच्या पारदर्शक वडीतही मेद कमीच असतो. वजनाचेही तसेच. साबण सुकतो व हलका होतो. गुळाची घट ठाऊक असलेल्या किराणा व्यापाऱ्यास ते समजावून सांगावयास नको.

खरी अडचण वेष्टनाच्या पुढच्या बाजूची आहे. जंतुनाशक म्हणून मिरवणाऱ्या साबणांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये घरगुती हात-अंग धुण्याच्या साबणांतून वर्ज्य केली. साध्या साबण-पाण्याहून ती दीर्घकाळ वापरास सुरक्षित व अधिक गुणकारी आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते. साधा साबणही मळाबरोबर जंतू सोडवून पाण्यावाटे वाहून नेतो. मात्र वीस सेकंद नीट चोळावे लागते. दोन सेकंदांत हात ओले करून उठणाऱ्यास महागडी वडीही काय करणार?

गोरेपणाचा दावा याहून जुना. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातील ‘फेअर’ २०२० साली गळून ‘ग्लो’ आले. नाव पालटले, पण गिऱ्हाइकाची मागणी तेवढ्याने पालटत नाही. त्वचेचा मूळ रंग आत तयार होणाऱ्या मेलॅनिनवर अवलंबून असतो. मिनिटा-दोन मिनिटांत धुऊन जाणारा साबण तेथवर काय पोचणार? उपवर मुलीच्या आईला अशी वडी ‘हमखास गुण येईल’ म्हणून देणे आम्हांस तरी व्यापार वाटत नाही.

कायद्यानेही हे आता मोकळे सोडलेले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या गुणाविषयी केलेले खोटे विधान लेखी असो वा तोंडी, ते अनुचित व्यापारप्रथेत धरले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास दहा लाखांपर्यंत व पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ साली सेन्सोडाईन या टूथपेस्टच्या जाहिरातींबद्दल दहा लाखांचा दंड झालाही. जाहिरातीचा दंड कंपनी भरेल. गल्ल्यावरून तोंडी दिलेल्या हमीचे उत्तर दुकानदारासच द्यावे लागेल. कंपनीच्या विक्रेत्याने नोकरास पढवलेली वाक्ये मालकाने एकदा स्वतः ऐकून घ्यावीत, ती एवढ्यासाठी. फळीवरच्या दराच्या चिठ्ठीवर टी.एफ.एम.चा आकडा लिहावयास फारशी जागा लागत नाही, आणि तो कंपनीनेच छापलेला असल्याने तिला त्याबद्दल तक्रार करण्यासही जागा उरत नाही.