पदराची गाठ आणि चौदावा मजला

‘खूणगाठ’ हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. बाजारातून काही आणावयाचे असले, कोणास निरोप द्यावयाचा असला, की स्त्रिया पदराला आणि पुरुष उपरण्याला गाठ मारीत. ती गाठ स्वतः काहीच सांगत नसे. हाताला लागली की ‘काहीतरी राहिले आहे’ एवढे कळे आणि उरलेले मन शोधून काढी. या साधनाला एक पैसाही खर्च येत नसे.

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कभोवती, माण-मारुंजीच्या शेतांच्या जागी जे उंच मनोरे उभे राहिले, त्यांत आपल्या समाजाचीही बरीच कुटुंबे राहावयास आली आहेत. मुलगा-सून संगणक कंपनीत नोकरीला, आणि आईवडील बार्शी-बारामतीकडील पेढी आवरून त्यांच्याकडे आलेले. सायंकाळी सोसायटीच्या बागेतील बाकावर या मंडळींची एक तक्रार हमखास कानी पडते : “इथे आल्यापासून काही लक्षातच राहत नाही.” गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, चष्मा सापडत नाही, दूध उतू जाते. ज्या गृहस्थांनी चाळीस वर्षे गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ ठेवली, ते स्वतःच्या बुद्धीवर संशय घेऊ लागतात, आणि मुले धास्तावतात.

माझे मत असे की, पुष्कळदा यांची स्मृती जागेवरच असते; मागे राहिलेल्या असतात त्या खुणा. गावच्या घरात दुकानाच्या किल्ल्या उंबऱ्याजवळच्या खुंटीला असत. औषधाची बाटली देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असे. पूजा आटोपली की हात आपोआप तिकडे जाई. मंदिराची घंटा, दूधवाल्याची हाक, मालाची गाडी येण्याचा वार, हे सारे न सांगता आठवण करून देत. निम्मे स्मरण त्या घरानेच पत्करले होते. चौदाव्या मजल्यावर ना कोनाडा, ना खुंटी. सर्व कपाटांची दारे एकसारखी गुळगुळीत, आणि घंटेचा आवाज तेथवर पोहोचत नाही.

या तर्काला प्रयोगाचा आधारही आहे. आइनस्टाइन (ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ नव्हेत) आणि मॅकडॅनिएल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ठरलेली खूण दिसली की ठरलेले काम करावयाचे, अशा प्रयोगात वयस्क मंडळी तरुणांच्या मागे पडली नाहीत. पुढील प्रयोगांत, घड्याळाकडे लक्ष ठेवून काम करावयाचे म्हटल्यावर मात्र वय आड आले. म्हणून ‘आठ वाजता गोळी’ असे ठरविण्यापेक्षा ‘देवदर्शन करून चप्पल काढली की गोळी’ असे ठरविणे शहाणपणाचे. मोबाईलचा गजर अनेकदा निष्फळ ठरतो तो याचमुळे. आपण वाकडच्या पुलाखाली वाहनांच्या रांगेत असताना तो वाजतो, अंगठ्याने बंद होतो, आणि काम राहूनच जाते. आठवण कामाच्या जागीच भेटली पाहिजे.

चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वीचे भोजन ही आयतीच पक्की खूण आहे. ‘रात्री जेवणानंतर’ असे लिहिलेली गोळी त्या वेळी घेतली तर चालेल का, एवढे डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. पण गोळी घेण्याच्या आठवणीहून अवघड प्रश्न ‘घेतली की नाही’ हा असतो, कारण संशयाने दोनदा घेतली जाण्यात खरा धोका आहे. बँकेत रोख दिल्याबरोबर व्हाउचरवर ‘पेड’चा शिक्का मारतात तो एवढ्याचसाठी की, त्याच कागदावर दुसऱ्यांदा पैसे जाऊ नयेत. घरी सात कागदी पुड्या करून त्यांवर वार लिहावेत, पूर्वी वैद्यबुवा देत तशा. मंगळवारची पुडी रिकामी दिसली की वाद मिटला.

दूध तापत ठेवले की सांडशी हातात घेऊनच दुसऱ्या खोलीत जावे. दूरदर्शनसमोर सांडशी घेऊन बसलेला मनुष्य थोडा विनोदी दिसतो खरा, परंतु दूध उतू जात नाही. मुलीकडे तूप न्यावयाचे असेल, तर गाडीची किल्ली तुपाच्या बरणीखाली ठेवावी, म्हणजे तुपाशिवाय गाडी हलणारच नाही. एक पथ्य मात्र आहे. फ्रीजवर महिनाभर डकवलेली चिठ्ठी डोळ्यांना दिसेनाशी होते, तिची भिंत होते. काम झाले की गाठ सोडावी. तशीच चिठ्ठी काढून टाकावी.

आकड्यांचे शास्त्र निराळे. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तालात म्हणून पाठ केली. तालामुळे साडेतीनपटीचा पाढाही जिभेवर बसे. बोटांची पेरेही कामाला येत. चार बोटांची बारा पेरे नऊ वेळा मोजली की एकशे आठ होतात, माळ जवळ नसली तरी जप चुकत नाही. आजचे क्रमांक लांबलचक, पण त्यांची रचना कळली तर ते निम्मे पाठ होतात. जीएसटी क्रमांकाची अक्षरे पंधरा. पहिले 27 म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरे म्हणजे आपलाच पॅन. नव्याने लक्षात ठेवावयाची उरली तीन, त्यांतील मधले बहुधा झेड. पॅनमधील चौथे अक्षर व्यक्तीसाठी पी, भागीदारी पेढीसाठी एफ आणि अविभक्त कुटुंबासाठी एच असते. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचे पहिले अक्षर असते. बँकेच्या आयएफएससी संकेतांकात पाचवे स्थान शून्याचे असते. तेथे इंग्रजी ओ लिहिल्याने पैसे अडल्याची उदाहरणे मी नोकरीत अनेकदा पाहिली.

युक्त्यांना मर्यादाही आहे. ओळखीचा रस्ता चुकू लागला, तोच प्रश्न तासाभरात चारदा येऊ लागला, तर गाठी बांधत न बसता डॉक्टरांकडे जावे. ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही स्मृती मंदावते, आणि शाकाहारी घरांत, विशेषतः दूध-दही कमी घेणाऱ्यांत, ही कमतरता संभवते. साध्या रक्त तपासणीत ती कळते आणि तिच्यावर उपचारही आहेत.

स्मरणशक्तीचा विषय निघाला की आपणांस श्रीमद् राजचंद्रांचे स्मरण होते. 1887 साली मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधान करून दाखविले. 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन आलेल्या गांधीजींनी ठाऊक असलेले परदेशी शब्द त्यांच्यासमोर मांडले, आणि श्रीमदांनी ते त्याच क्रमाने परत सांगितले. पण मला अधिक मोलाची वाटते ती गांधीजींनी आत्मकथेत नोंदविलेली दुसरी गोष्ट. हिरे-मोत्यांच्या पेढीवर श्रीमदांजवळ एखादा धर्मग्रंथ आणि रोजनिशी असे, आणि सौदा संपताच ती उघडली जाई. शंभर अवधाने साधणारा हा जवाहीर आपले चिंतन कागदावर उतरवून ठेवी.

आपल्या घरांत मात्र सर्वांत मोलाची माहिती एकाच डोक्यात असते. मुदत संपून दहा वर्षे कोणी न मागितलेली ठेव, तसेच दहा वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातील रक्कम, बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग करतात. पैसे बुडत नाहीत. मालक वा वारस ते बँकेमार्फत केव्हाही मागू शकतात. परंतु ठेव होती हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण? ऑगस्ट 2023 पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा ठेवी नावावरून शोधता येतात. वडिलांच्या, आजोबांच्या नावाने एकदा शोध जरूर घ्यावा.

आणि यंदापासून दिवाळीच्या वहीपूजनाला एक जादा वही ठेवावी. पूजन झाले की घरातील ज्येष्ठाने ठेवी, विमा, लॉकर, नामनिर्देशन आणि उसनवार तोंडी सांगावी, आणि धाकट्या पिढीने ती लिहून घ्यावी. त्यात पिन वा पासवर्ड लिहू नये. कोणती वस्तू कोठे आहे, एवढेच असावे. एक प्रत घरी, दुसरी विश्वासू नातलगाकडे. लॉकरमध्ये मात्र ती ठेवू नये, कारण लॉकर कोणत्या शाखेत आहे हे त्याच वहीत लिहिलेले असते.