सातबाऱ्याबाहेरची कास्तकारीण

आमच्या गडचांदूरच्या बाजूला शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. पण एखाद्या बाईला कास्तकार म्हटलेले क्वचितच ऐकले. बाई ‘वावरात जाते’. सरकी टोबणे, निंदण, कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी ही कामे बहुतांशी तिच्याच हातची. फवारणीचे पाणीही तीच डोक्यावरून आणते. तरी ती कास्तकार नव्हे. कास्तकाराची बायको, माय किंवा बहीण. हा केवळ बोलीचा प्रश्न असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण शासनाचे कर्ज, अनुदान आणि नुकसानभरपाई ह्याच समजुतीवर चालतात. दप्तरात त्या समजुतीचे नाव सातबारा.

पीककर्ज घ्या. सेवा सहकारी संस्था असो वा बँक, आधी सातबारा आणि आठ-अ मागितला जातो. पीक कोणते आणि क्षेत्र किती, ह्यावर कर्जाची रक्कम ठरते. खपते कोण, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी 2017 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नव्या विहिरीसाठी तीत आरंभी अडीच लाखांचे अनुदान होते, 2024 मध्ये ते चार लाख झाले. मात्र किमान 0.40 हेक्टर जमीन अर्जदाराच्या स्वतःच्या नावे पाहिजे. 2019 च्या पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपयेही खातेदारालाच मिळतात. निसर्गरक्षणाच्या पैशाचीही तीच गत आहे. मृद्‌संधारणाची बांधबंदिस्ती गटनंबर पाहून होते. रानडुकराने वा रोह्याने पीक उद्ध्वस्त केले तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज सातबाऱ्यासह जातो. रात्री जागलीला बाई बसली होती, हे पंचनाम्यात कोठेही येत नाही.

2015-16 च्या कृषिगणनेत देशातील वहितीदारांमध्ये स्त्रिया सुमारे 14 टक्के होत्या. उरलेल्या स्त्रिया शेती करीत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकऱ्याच्या व्याख्येत बटईदार व शेतमजूर ह्यांनाही घेतले. एम. एस. स्वामिनाथन ह्यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खासगी विधेयक 2012 मध्ये राज्यसभेत मांडले. पुढल्याच वर्षी ते व्यपगत झाले. धोरण कागदावर राहिले आणि सातबारा चावडीवर.

येथे कोणी म्हणेल, बाईसाठी बचतगट आहे ना. आहे. नाबार्डने 1992 मध्ये गट आणि बँक ह्यांची जोडणी सुरू केली. महिला आर्थिक विकास महामंडळ तर 1975 पासूनचे. गटाच्या कर्जाला सातबारा लागत नाही, आणि त्याने बायांना बँकेची पायरी दाखवली हे मान्य केले पाहिजे. परंतु कागदावर ‘शेळीपालन’ लिहिलेला पैसा आमच्याकडे मृगात वावरात जातो. त्यातून बियाणे येते, खत येते. हप्ता मात्र पुढल्याच महिन्यापासून सुरू होतो. कापूस घरात येतो दिवाळीच्या पुढे-मागे. मधले चार महिने बाई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाऊन हप्ता फेडते. खातेदार पुरुषाच्या पीककर्जाची मुदत हंगामाकडे पाहून ठरते, त्याच पिकासाठी बाईने उचललेल्या कर्जाची ठरत नाही. ह्या फरकाकडे आपल्या कार्यकर्त्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. शिवाय किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तोंडी मक्त्याने करणारे, बटईदार व त्यांचे संयुक्त देयता गट पात्र धरलेले आहेत, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. बँकेत जाताना तो नियम छापून सोबत न्यावा.

आता जंगलाकडे वळू. 2006 च्या वनहक्क कायद्याने एक गोष्ट महसुली कायद्याने कधी केली नव्हती ती केली: विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवलाच पाहिजे. परंतु आदिवासी नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, वास दाखवावा लागतो. हिशेब 1930 पर्यंत जातो. जिवतीच्या पहाडावर मराठवाड्यातून पोट घेऊन आलेल्या दलित कुटुंबांनी तो कोठून आणावा? दुष्काळ पुरावे ठेवून येत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे बांबूच्या उत्पन्नाचा निर्णय ग्रामसभा करते. ग्रामसभेत प्रौढ बाई स्वतःच्या अधिकाराने सभासद असते, कोणाची बायको म्हणून नव्हे. संरक्षणाचा पैसा सातबाऱ्यावाचून बाईच्या हाती येऊ शकतो, ह्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. ते जंगलापुरते आहे, एवढेच.

ज्यांना जमीनच नाही त्यांचे काय? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964-65 मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. त्यांच्या नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना 2004 मध्ये आली. तीत भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची आहे. विधवा व परित्यक्तांना अग्रक्रम आहे. आधी अर्धे कर्ज, अर्धे अनुदान होते. 2018 पासून पूर्ण अनुदान झाले. पण जमीन विकत घेऊन द्यायची म्हणजे विकणारा पाहिजे. सिमेंटच्या कारखान्यांच्या आसपास शासकीय दराने कोण विकतो?

इतके दुसऱ्यांचे सांगितले, आता घरचे सांगतो. माझी माय आठ वर्षांची असताना, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, आजोबांच्या खांद्यावर बसून चांद्याच्या दीक्षेला गेली होती. बापाने मजुरी करून एक हेक्टर जमीन घेतली. 1998 मध्ये तो गेला. फेरफारात आम्हां दोघा भावांची नावे चढली, मायचे नाव ‘इतर हक्का’त गेले आणि बहिणीने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. अंगठा म्हणतो, तिला सही येत होती, पण घाई होती. कायद्याने माय, आम्ही दोघे आणि ती असे चार समान वाटे होते. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा आहे आणि तो बौद्धांनाही लागू आहे. त्यामागच्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले, हे मी तेव्हा शाळेत मुलांना शिकवीत होतो. बहिणीला साडी घेतली. माहेर तुटू नये म्हणून बाया जमीन सोडतात, आणि आम्ही त्याला प्रेम म्हणतो.

2009 मध्ये नवऱ्याने टाकल्यावर ती माहेरी आली. तेव्हापासून वावर तीच करते. मी नोकरीवर, भाऊ बाहेरगावी. 2012 मध्ये माय गेली. पुढे विहिरीची योजना निघाली तेव्हा बहीण माझ्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, कागद तुह्या नावाचा, अन्‌ पाणी मी डोक्यावर वाहू का?”

तेव्हा कळले की नुसते हक्कसोडपत्र आता चालणार नाही. ते हिस्सेदाराच्या नावे होते, आणि ती तर 1998 पासून हिस्सेदार नव्हती. बक्षीसपत्रच करावे लागले. तिचा मूळचा पाव हेक्टर दिला असता तर 0.40 ची अट पुरी झाली नसती. म्हणून माझा अर्धा हेक्टर पूर्ण तिच्या नावे केला. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा. त्यात तीन महिने गेले. हे सारे 2021 मध्ये झाले. पीएम-किसानला 1 फेब्रुवारी 2019 ची मालकी लागते, त्यामुळे ते 6000 तिला नाहीतच. आपल्या गावातल्या बायांच्या नोंदी पाहताना ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा. वारसनोंद लागली नसेल तर मृत्यूनंतर लगेच अर्ज द्या, हक्कसोडाचा कागद पुढे येण्यापूर्वी.

नोंदणीच्या वेळी कारकुनाने दस्त दोनदा वाचला. “भाऊ बहिणीला बक्षीस देतो?” त्याने विचारले. दस्तात मी देणारा आहे आणि ती घेणारी. बहिणीने ह्या वेळी सही केली.