साली ठेवा, पण चाखून!



दोडक्याची भाजी केली की शिरांची चटणी आणि दुधी केला की सालींची चटणी, हे आपल्या घरी ठरलेलं. इथे मात्र दोडका-दुधी महाग असूनही साली सरळ फूड वेस्टच्या डब्यात जातात!

या देशालाही अशी काटकसर नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटनमध्ये रेशनिंग सुरू झालं आणि ते १९५४ पर्यंत चाललं. बटाटे सालासकट शिजवा, असं त्या वेळी सरकारच सांगत होतं.

दुधीच्या सालींची चटणी

साहित्य: एका कोवळ्या दुधीच्या साली, २ चमचे तेल, २ चमचे तीळ, २ चमचे सुकं खोबरं, २-३ हिरव्या मिरच्या, मीठ, चिमूटभर साखर.

कृती: दुधी आधी नीट धुऊन मग सोला. साली बारीक चिरून मिरच्यांबरोबर तेलात मंद आचेवर कुरकुरीत परता. तीळ-खोबरं वेगळं भाजा. गार झाल्यावर मीठ-साखर घालून भरडसर वाटा. दोडक्याच्या शिरांची चटणीही अशीच होते.

इथल्या भाज्यांचं काय?

फ्लॉवरची कोवळी पानं, बीट किंवा मुळ्याचा पाला बारीक चिरा, लसणाची फोडणी द्या आणि पीठ पेरून भाजी करा. ब्रोकोलीचा दांडा सोलून सांबारात घाला. कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात मस्त लागतो.

हे मात्र टाकाच

दुधी, काकडी, कोर्जेट चिरताना कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर साल-गर सगळं टाका. त्यातलं विष शिजवूनही जात नाही. बटाट्याची हिरवी साल आणि कोंबही नकोत.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे रूबार्ब! बागेत लाल देठांची ही मोठी पानं पाहून पालेभाजीचा मोह होतो. रूबार्ब आपल्या चुक्याच्याच कुळातला, पण त्याचे फक्त देठ खायचे. पानांत ऑक्झॅलिक आम्ल खूप असतं, ती विषारी असतात. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईमुळे ही पानं भाजी म्हणून खाण्याचा सल्ला इथे दिला गेला होता. त्यातून लोकांना विषबाधा झाली, काही दगावलेही.

तेव्हा काटकसर जरूर करा, पण ओळखीच्या पाल्याची आणि सालींची. पुढच्या स्नेहभोजनाला एक वाटी चटणी नक्की आणा!