सिद्धता पाठवायची कुठे?

गणितातील अनुत्तरित प्रश्न सोडवायला पदवीची अट नसते. क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने २००० साली सात प्रश्नांसाठी प्रत्येकी दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले, तेही कोणालाही खुले आहे. मात्र संस्थेकडे थेट पाठवलेली सिद्धता विचारात घेतली जात नाही. ती आधी मान्यवर संशोधनपत्रिकेत छापून यावी लागते, त्यानंतर किमान दोन वर्षे जावी लागतात आणि गणितज्ञांनी ती स्वीकारलेली असावी लागते. याला अपवाद ठरले सातपैकी एक प्रश्न सोडवणारे रशियाचे गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान. पत्रिकेच्या वाटेला न जाता त्यांनी आपले लेख नुसते इंटरनेटवर ठेवले. तरीही २०१० मध्ये त्यांना बक्षीस देऊ केले गेले आणि त्यांनीच ते नाकारले!

थेट टपाल घेतल्यावर काय होते, हे जर्मनीतील गटिंगेनने अनुभवले होते. फेर्माच्या शेवटच्या प्रमेयासाठी १९०८ मध्ये एक लाख मार्कांचे वोल्फस्केल पारितोषिक जाहीर झाले आणि पहिल्याच वर्षी तेथे ६२१ सिद्धता येऊन पडल्या. तेथील गणितज्ञ एडमंड लांडाऊ यांनी अखेर उत्तराची कार्डेच छापून घेतली. पहिली चूक कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत, एवढीच जागा रिकामी. ती विद्यार्थ्यांनी भरायची.

बऱ्याचशा चुका घरच्या घरी पकडता येतात. कोलाट्झची अटकळ घ्या. संख्या सम असेल तर निम्मी करायची, विषम असेल तर तिपटीत एक मिळवायचा. असे करत राहिले तर शेवटी नेहमी १ येतो, असा दावा. आता एक मिळवण्याऐवजी वजा करून पाहावे. ५, १४, ७, २०, १० आणि पुन्हा ५! १ कधीच येत नाही. तेव्हा एखादी सिद्धता या बदललेल्या नियमालाही जशीच्या तशी लागू पडत असेल, तर ती चुकीचीच. कोट्यवधी संख्या तपासल्या, ही तर सिद्धताच नव्हे.

या चाळणीतून उरलेला लेख पत्रिकेकडे पाठवता येतो. ‘आर्काइव्ह’ या इंटरनेटवरील लेखसंग्रहात तो ठेवायचा तर नव्या लेखकाला सहसा त्या विषयातील जुन्या लेखकाची शिफारस लागते. शिफारस म्हणजे सिद्धता बरोबर असल्याचा दाखला नव्हे.

जाणकार साथीदार मिळाला तर काम सोपे होते. इंग्लंडमधील निवृत्त मुद्रण तंत्रज्ञ डेव्हिड स्मिथ यांना २०२२ मध्ये तेरा बाजूंचा एक आकार सापडला. त्याच्या फरशा सारे प्रतल झाकत होत्या, पण नक्षीची आवर्तने काही होत नव्हती. स्मिथ यांनी वॉटर्लू विद्यापीठातील क्रेग कॅपलन यांना कळवले, आणखी दोघे जोडले गेले आणि मार्च २०२३ मध्ये चौघांच्या नावे सिद्धता प्रसिद्ध झाली. त्यात पहिले नाव स्मिथ यांचे आहे.