सी ड्राइव्ह म्हणजे लॅपटॉप नव्हे

२०१५ ते २०२० च्या दरम्यान घेतलेला मध्यम किमतीचा लॅपटॉप घरात असेल, तर त्यात बहुधा १ टीबीची, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क असते. टास्क मॅनेजर उघडला की डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतात आणि ते बराच वेळ हलत नाहीत. प्रोसेसर मोकळा बसलेला, रॅम अर्धी रिकामी, आणि सगळे त्या एका फिरणाऱ्या तबकडीची वाट बघतायत. असा लॅपटॉप भंगारात काढायची गरज नसते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एसएसडी सहज मिळते आणि ती बसवणं म्हणजे थोडे स्क्रू काढून परत लावणं. खरी मेख पुढे आहे. जुन्या डिस्कवरची विंडोज, तिच्यात बसवलेले प्रोग्रॅम, फॉण्ट, सेटिंग्ज हे सगळं नव्या ड्राइव्हवर न्यायचं कसं? याबद्दल काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठाम मतं असतात. त्यातली बरीचशी चुकीची, आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच समज: लॅपटॉप म्हणजे सी ड्राइव्ह.

गैरसमज: ‘सी ड्राइव्हमधलं सगळं सिलेक्ट करून नव्या ड्राइव्हवर पेस्ट केलं की झालं.’

फोटोंचं असं होतं, विंडोजचं होत नाही. बटण दाबल्यावर लॅपटॉप सी ड्राइव्हकडे बघतच नाही. मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय, आधी एक छोटं पार्टिशन शोधतं. ते साधारण १०० एमबीचं असतं, त्याला अक्षर नसतं, म्हणून ‘धिस पीसी’मध्ये ते कधी दिसत नाही. त्यात बूट मॅनेजर आणि त्याची एक नोंदवही असते: विंडोज कुठल्या डिस्कच्या कुठल्या पार्टिशनवर आहे, याची. ती नोंद वाचून मग सी ड्राइव्हची पाळी येते. शिवाय १६ एमबीचं एक राखीव पार्टिशन आणि बिघाडाच्या वेळी कामी येणारं रिकव्हरी पार्टिशन. तुम्ही ज्याला लॅपटॉप समजता, तो या चार भावंडांपैकी एक.

दुसरी अडचण अशी की चालू विंडोज स्वतःच्या रजिस्ट्रीच्या फाइल्स कुलपात ठेवते. कॉपी करायला गेलात की ‘फाइल वापरात आहे’ असं उत्तर येतं. म्हणून क्लोनिंगचे प्रोग्रॅम दोन मार्ग काढतात. एक तर विंडोज चालू असतानाच त्या क्षणाची गोठवलेली प्रत घेऊन तीवरून नक्कल करायची, नाहीतर विंडोज सुरूच होऊ द्यायची नाही. क्लोनझिला दुसऱ्या वाटेने जातं. पेन ड्राइव्हवरून सुरू होतं आणि दोन्ही डिस्क बाहेरून बघतं. ते फुकट आणि मुक्त आहे, पण दिसायला रुक्ष. स्रोत आणि लक्ष्य यांत गल्लत केलीत, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर इमानेइतबारे क्लोन करून देईल. ते दोनदा विचारतं. दोन्ही वेळा नीट वाचा. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती अजून अनेक व्हिडिओंमध्ये सुचवली जाते, पण कंपनीने १ जानेवारी २०२४ पासून तिला निवृत्त केलं आहे. सॅमसंगचं स्वतःचं स्थलांतराचं सॉफ्टवेअर आहे, ते सॅमसंगच्याच ड्राइव्हवर नक्कल करतं. क्रुशियल आणि डब्ल्यूडी आपल्या ग्राहकांना अॅक्रोनिसची खास आवृत्ती देतात.

जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी बघून घ्यावी. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्कच्या गुणधर्मांत एमबीआर लिहिलंय की जीपीटी? एमबीआर असेल तर तो लॅपटॉप जुन्या पद्धतीने सुरू होतोय, आणि त्या पद्धतीत एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीवरून सुरू होणं सहसा जमत नाही. २०१७ पासून विंडोज १० मध्येच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचं साधन आहे. ते डेटा न पुसता रूपांतर करतं. तरीही बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

गैरसमज: ‘१ टीबीची डिस्क ५०० जीबीत मावणारच नाही.’

मावायचं असतं ते सामान, खोली नव्हे. १ टीबीपैकी २०० जीबीच वापरात असतील, तर ५०० जीबीची एसएसडी पुरते. विंडोजमध्ये चालणारी बहुतेक क्लोनिंगची साधनं पार्टिशन आपोआप आखडून घेतात. क्लोनझिलाचं तसं नाही. त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते, म्हणून सी ड्राइव्ह आधी हाताने लहान करावा लागतो. इथे अनेकजण अडतात. निम्मी डिस्क रिकामी असूनही विंडोज ठरावीक हद्दीपुढे आखडू देत नाही, कारण हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, रिस्टोअर पॉइंट अशा न हलणाऱ्या फाइल्स मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात. हायबरनेशन आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरते बंद केले की पुष्कळदा वाट मोकळी होते.

उलट प्रकारही होतो. मोठ्या ड्राइव्हवर क्लोन केला, पण सी ड्राइव्ह वाढवायचा पर्याय फिकट पडलेला. कारण सी आणि रिकाम्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलंय. क्लोन करतानाच ते शेवटाला सरकवलं, तर पुढची डोकेदुखी टळते. आणि ५०० जीबीच्या ड्राइव्हवर ४६५ दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी जीबी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने.

गैरसमज: ‘ड्राइव्ह बदलला की ओरिजिनल विंडोज जाते.’

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. कारण त्यापाठोपाठ वाक्य येतं, ‘काळजी नको, आपली विंडोज मारून देतो.’ विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डला बांधलेला असतो. मदरबोर्ड बदलला तर तो जाऊ शकतो. डिस्क बदलून जात नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजसह विकल्या गेलेल्या लॅपटॉपची किल्ली फर्मवेअरमध्येच कोरलेली असते. क्लोन तर सोडाच, कोऱ्या ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेली विंडोज टाकलीत, तरी ती किल्ली स्वतःच वाचून घेते, विचारतसुद्धा नाही.

मग लोकांची ओरिजिनल जाते कशी? बहुतेकदा लॅपटॉपसोबत आलेली असते होम, आणि दुकानात बसवली जाते प्रो. होमची किल्ली प्रोला लागत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात ‘अॅक्टिव्हेट विंडोज’ उमटतं आणि मग त्यावर इलाज म्हणून एक क्रॅक चालवला जातो. तो चालावा म्हणून आधी विंडोजचं अँटिव्हायरस बंद केलं जातं. पैसे भरून घेतलेला परवाना फर्मवेअरमध्ये शाबूत असताना वरून चोरीचा माल! दुकानात एवढंच सांगावं: ‘आहे तीच एडिशन टाका, क्रॅक नको.’ ऑफिसचं मात्र वेगळं आहे. लॅपटॉपसोबत मिळालेलं ऑफिस तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असतं. ते खातं २०१८ साली दुकानातल्या मुलाने कुठल्या ई-मेलवर उघडलं होतं, हे डिस्क काढण्याआधी शोधून ठेवा.

गैरसमज: ‘क्लोन करू नका, नेहमी फ्रेशच टाका.’

यूट्यूबवरची बहुतेक मंडळी हेच सांगतात. त्यांच्या लॅपटॉपवर ब्राउझर, दोन गेम आणि एक व्हिडिओ एडिटर असतो. त्यांचं बरोबर आहे. पण डीटीपी करणाऱ्याच्या लॅपटॉपवर श्री-लिपी, तिचे लेआउट, वीस वर्षांत गोळा झालेले युनिकोडपूर्व फॉण्ट असतात. त्यातला एखादा कुणी दिला, कुठून आला, हे कुणालाच आठवत नसतं, पण तो नसला तर जुन्या लग्नपत्रिकेच्या फाइलीत ‘चि. सौ. कां.’च्या जागी किडेमुंग्या दिसतात. अशा लॅपटॉपसाठी क्लोनच योग्य. टॅली वापरणाऱ्याने आधी परवाना सरेंडर करावा, कारण तो संगणकाच्या हार्डवेअरला जोडलेला असतो. फ्रेश टाकणार असाल तर हे अत्यावश्यक, क्लोन करणार असाल तरी शहाणपणाचं. सीएच्या किंवा ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदाराच्या डिजिटल स्वाक्षरीला धक्का लागत नाही, कारण ती यूएसबी टोकनमध्ये असते, डिस्कवर नसते. मात्र नव्या विंडोजमध्ये टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो, आणि हे नेमकं निविदेच्या शेवटच्या दिवशी लक्षात येतं.

फ्रेश कधी टाकावी? विंडोज आधीपासूनच आजारी असेल तेव्हा: व्हायरस येऊन गेलाय, अपडेट अडकतायत, विनाकारण निळा पडदा येतोय. क्लोन म्हणजे हुबेहूब नक्कल, रोगासकट. वेग कमी वाटतो एवढ्याच कारणाने फ्रेश टाकायची मात्र गरज नाही. तो दोष बव्हंशी तबकडीचा होता.

गैरसमज: ‘खाचेत बसली म्हणजे चालणार.’

एम-टू हे आकाराचं नाव आहे. २२८० लिहिलेली ड्राइव्ह म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, एवढंच. आत सॅटा आहे की एनव्हीएमई, हे त्यावरून कळत नाही. काही जुन्या लॅपटॉपमधली एम-टू खाच फक्त सॅटा ओळखते. तिथे एनव्हीएमई ड्राइव्ह नीट बसली तरी बायोसला दिसत नाही. मॉडेल नंबर घेऊन कंपनीची सर्व्हिस पुस्तिका बघणं, हा दहा मिनिटांचा उपाय आहे.

सॅटावरच भागवावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका. सॅटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई ३,५०० किंवा त्याहून जास्त. आकडे बघून वाटतं, सहापट वेगवान लॅपटॉप. रोजच्या कामात तसं जाणवत नाही. विंडोज सुरू होताना एक मोठी फाइल सलग वाचत नसते, हजारो बारक्या फाइल्स इथून-तिथून गोळा करते. ५,४०० फेऱ्यांच्या तबकडीला एका फेरीलाच ११ मिलिसेकंद लागतात, वर काटा जागेवर न्यायचा वेळ; त्यामुळे अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभरच्या आतबाहेर. एसएसडीवर तीच हजारोंच्या घरात जातात. मोठी उडी आहे ती तबकडीवरून चिपवर. सॅटावरून एनव्हीएमई ही त्यापुढची लहान पायरी, आणि मोठे व्हिडिओ हलवणाऱ्यालाच ती खऱ्या अर्थाने दिसते.

गैरसमज: ‘१०० टक्के झालं, आता जुनी डिस्क फॉरमॅट मारा.’

थांबा. क्लोन यशस्वी झाला हे क्लोनिंग सॉफ्टवेअरने सांगायचं नसतं, ते लॅपटॉपने सिद्ध करायचं असतं. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क बाहेर काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या तर लॅपटॉप नव्यावर सुरू झालाय की जुन्यावर, हे कळतच नाही. एसएसडी लावूनही फरक पडला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींची विंडोज निवांत जुन्याच डिस्कवरून चाललेली असते.

सॅटावरून एनव्हीएमईवर जाताना ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’चा निळा पडदा येऊ शकतो. फाइल्स सगळ्या आल्यात, पण सुरुवातीलाच लागणारा ड्रायव्हर जागा झालेला नाही. अशा वेळी रिकव्हरीतून एकदा सेफ मोडमध्ये जाऊन परत येणं पुष्कळदा पुरतं. बायोसमध्ये दिसेल ते बदलत बसू नये.

आणि बिटलॉकर. ‘मी कधी लावलंच नाही,’ असं सगळेच म्हणतात. पण अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करताच डिस्क आपोआप कूटबद्ध होते, होम एडिशनमध्येसुद्धा. डिस्क किंवा बायोसमध्ये फेरफार झाला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती सहसा तुमच्या खात्यात साठवलेली असते. आधीच बघून कागदावर लिहून ठेवा आणि क्लोनपूर्वी बिटलॉकर बंद करा. की नसेल, तर जुनी डिस्क हातात असूनही तिच्यातलं काही वाचता येणार नाही. कुणालाच.

गैरसमज: ‘क्लोन करताना डिस्क मेली, म्हणजे क्लोनने मारली.’

ती मरायला टेकलेलीच होती. क्लोन म्हणजे डिस्कवरचा सगळा वापरलेला भाग तासभर किंवा जास्त वेळ सलग वाचणं. ४०० जीबी असतील तर चांगल्या हार्ड डिस्कलाही सव्वा तास लागतो. चुकून जुन्या यूएसबी २ पोर्टला केबल लावलीत तर तीन तासांहून अधिक. थकलेल्या डिस्कला हे झेपत नाही. म्हणून आधी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत बघा. तिथे पिवळा किंवा लाल रंग असेल, तर क्लोनचा विचार सोडा आणि प्रथम कागदपत्रं, फोटो, हिशेब उचला. विंडोज पुन्हा मिळते.

गैरसमज: ‘एसएसडी लवकर झिजते, जपून वापरा.’

सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लस या ५०० जीबीच्या ड्राइव्हला ३०० टीबी लिखाणाची हमी आहे. दिवसाला ३० जीबी लिहिले, तर ते संपायला सुमारे २७ वर्षं लागतात. तेव्हा पेजफाइल बंद करा, टेम्प फोल्डर जुन्या डिस्कवर हलवा, हे सल्ले निकालात काढा. डीफ्रॅगही हाताने करायचं नाही. विंडोज एसएसडी ओळखते आणि तिला ट्रिमचा, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली याचा, निरोप पाठवते. धोका आहे तो वेगळा. हार्ड डिस्क खडखडाट करून इशारा तरी देते, एसएसडी काहीही न बोलता एका सकाळी दिसेनाशी होऊ शकते. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून तिच्यावर बॅकअप घेणं, हा तिचा सर्वांत चांगला पुनर्वापर. अर्थात तिची तब्येत ठीक असेल तर.

गैरसमज: ‘एसएसडी टाकली की विंडोज ११ चालेल.’

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून हे फार ऐकू येतं. विंडोज ११ ला एसएसडीची अट नाहीच. अट आहे टीपीएम २.० ची, सिक्युअर बूटची आणि प्रोसेसरच्या पिढीची, इंटेलमध्ये ढोबळमानाने आठवी किंवा पुढची. सहाव्या पिढीचा प्रोसेसर नव्या ड्राइव्हमुळे आठव्या पिढीचा होत नाही. लॅपटॉप या अटीत बसत नसेल, तर खर्च करण्याआधी लिनक्सचा पर्याय तपासून घ्यावा. एसएसडीवर तो जुन्या यंत्रातही चपळ चालतो.

जुनी डिस्क विकणार असाल तर एक शेवटचं. झटपट फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो आणि फुकट प्रोग्रॅमनी परत मिळतो. फॉरमॅटच्या खिडकीत ‘क्विक’पुढची खूण काढा. मग विंडोज त्या पूर्ण पार्टिशनवर शून्यं लिहिते. १ टीबीला काही तास लागतील.