कोरफडीची कुंडी आणि श्रावकाची जयणा

वाघूर नदीच्या काठी, जळगाव-अजिंठा मार्गावर वसलेले पहूर हे गाव खानदेशी उन्हाचा पूर्ण अनुभव देते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि दोन वेळा पाणी घालूनही ओट्यावरील गुलाब करपतो. अशा प्रदेशात कोरफड, थोर, शेर, पानफुटी, अडेनियम यांसारख्या मांसल वनस्पती कुंडीसाठी स्वाभाविक निवड ठरतात. पाण्याचा प्रत्येक थेंब अप्काय जीवांचा पिंड मानणाऱ्या श्रावकाला तर कमी पाण्यावर जगणारे झाड अधिकच जवळचे वाटावे.

परंतु येथेच एक प्रश्न उभा राहतो. श्वेतांबर परंपरेत सांगितलेल्या ३२ अनंतकायांमध्ये कुंवार म्हणजे कोरफड आणि थोर यांची गणना आहे. शांतिसूरींनी ‘जीवविचार’ या ग्रंथात साधारण वनस्पतीची लक्षणे दिली आहेत : शिरा व सांधे स्पष्ट न दिसणे, मोडताच सारखा भंग होणे, तंतू नसणे आणि तोडूनही पुन्हा उगवणे. पानफुटीचे एक पान मातीवर पडले, तरी त्याच्या कडेच्या खाचांतून अनेक रोपे फुटतात, हे आपण पाहतोच. मग एका शरीरात अनंत जीव असलेली झाडे घरी ठेवावीत का?

अनंतकायाचा त्याग मुख्यतः भक्षणासंबंधी आहे, म्हणून त्यागी कुटुंबाने कोरफडीचा रस आरोग्यासाठी म्हणूनही घेण्यापूर्वी आपले पच्चक्खाण आठवावे. झाड सांभाळण्यात मात्र कसोटी लागते ती जयणेची. गंमत म्हणून पान मोडणे, हौसेपोटी वीस कुंड्या आणून उन्हात मरू देणे, हा अनर्थदंड होय. दोनच कुंड्या असाव्यात, पण त्या वर्षानुवर्षे जगाव्यात.

त्यासाठी या झाडांचा स्वभाव जाणला पाहिजे. इतर झाडे दिवसा आपली सूक्ष्म छिद्रे उघडतात. यांतील बहुतेक झाडे ती रात्री उघडतात, हवा घेऊन आम्लरूपाने साठवतात आणि दिवसा छिद्रे मिटून पाणी राखतात. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली एका पत्रात नोंदवले होते की, पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दिवस चढत जातो तशी ती चव कमी होते. त्या आंबटपणाचे कारण हेच.

म्हणून या झाडांना तहानेपेक्षा अतिपाण्याचे भय अधिक. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मूळ कुजवते. एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि थोडे पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. हाडांचा चुरा असलेले खत टाळावे. विकत घेताना तसे विचारून घ्यावे. भोक असलेली मातीची कुंडी उत्तम, कारण काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात तापून मुळे भाजते. दुकानातील गुलाबाकार, नाजूक एचेव्हेरिया मूळची मेक्सिकोतील उंच प्रदेशाची. खानदेशी उन्हाळा तिला सोसत नाही. मोहाने ती आणू नये.

पहूरजवळच्या वाकोद येथे जन्मलेले पद्मश्री भवरलालजी जैन यांनी ठिबक सिंचनाच्या प्रसारातून पाणी मुळाशी आणि गरजेपुरतेच द्यावे, हा विचार शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवला. कुंडीतही तेच तत्त्व पाळावे. फक्त येथे रोजचे पाणी नको. बोट दोन पेरे आत घालून पाहावे. माती कोरडी लागली तरच भरपूर पाणी द्यावे आणि पुन्हा कोरडी होईपर्यंत थांबावे. सूर्योदयानंतर, ऊन चढण्यापूर्वी पाणी घालावे. उजेडात कुंडीवरील मुंगी-किडा दिसतो आणि वाचवता येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हापासून हिरव्या जाळीची सावली द्यावी.

चातुर्मासात खरी दक्षता हवी. कुंड्या पागोळीखालून हलवून छपराखाली घ्याव्यात. खालच्या ताटल्या काढून ठेवाव्यात. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, ओल्या कुंडीवर शेवाळ चढते, आणि नंतर घासून काढताना होणारी हिंसा टाळता येत नाही. नवीन रोप पंधरा दिवस वेगळे ठेवावे. पिठ्या ढेकूण आधीच लक्षात आले, कुंड्यांत हवा खेळती राहिली, तर औषध फवारण्याची वेळ सहसा येत नाही. थोर आणि शेर यांचा चीक डोळ्यांना घातक असतो. या कुंड्या मुलांच्या हातापासून दूर असाव्यात.

नवे झाड आणण्यापूर्वी घरात एकच विचारणा व्हावी : सुटीत आपण परगावी गेलो, तर याच्याकडे कोण पाहील? उत्तर तयार असेल, तर कुंडी आणावी. नसेल, तर न आणणे हीदेखील जयणाच आहे.